शोधसूचीची कहाणी

‘काखेत कळसा अन् गावाला वळसा’ ही म्हण आपण घरात हरवलेल्या किल्लीसाठी वापरतो. पण ती खरी लागू पडते ग्रंथालयाला. हवा असलेला लेख दहा पावलांवरच्या कपाटात असतो. परंतु तो तिथे आहे हेच ठाऊक नसते. ठाऊक नसलेली वस्तू ही असून नसल्यासारखीच. आज ग्रंथालयांच्या याद्या आणि कोट्यवधी लेखांच्या नोंदी संगणकाच्या पोटात भरल्या आहेत. विद्यार्थी घरबसल्या चार अक्षरे टाइप करतो आणि क्षणात उत्तरांची रांग लागते. मग तुम्ही म्हणाल, आता यात शिकायचे ते काय उरले? उरले आहे, आणि पुष्कळ उरले आहे. किंबहुना शिकण्याची गरज पूर्वीपेक्षा वाढली आहे. ती का वाढली, हे समजण्यासाठी या शोधसूचीची कहाणी थोडी मागून सांगावी लागेल.

ग्रंथांची नुसती यादी करणे ही काही नवी गोष्ट नव्हे. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाच्या विख्यात ग्रंथालयात कॅलिमॅकस नावाच्या कवी-पंडिताने ग्रीक लेखकांची आणि त्यांच्या ग्रंथांची मोठी सूची केली. ती १२० गुंडाळ्यांची होती असे सांगतात. पुढे शतकानुशतके याद्या झाल्या त्या वह्यांत. वहीची अडचण तुम्ही दुकानाच्या खतावणीवरून सहज ओळखाल. मधे नवी नोंद घालायची तर जागा नाही. मग समासात लिहा, चिठ्ठी डकवा, आणि अखेर सगळी वही पुन्हा उतरवून काढा!

या अडचणीतून वाट निघाली ती फ्रेंच राज्यक्रांतीच्या धामधुमीत. मठांची आणि सरदारांची ग्रंथालये सरकारजमा झाली. लक्षावधी पुस्तकांची नोंद करावयाची, आणि कागद तर महाग. तेव्हा १७९१ साली सरकारने हुकूम काढला की, पत्त्यांच्या पानांमागे पुस्तकांच्या नोंदी लिहाव्या. त्या काळी पत्त्यांची पाठ कोरी असे. राजा, राणी, गुलाम यांच्या पाठीवर पुस्तकांची नावे चढली! पण यातली खरी युक्ती कागदाच्या काटकसरीची नव्हती. एक पुस्तक, एक पान. पाने हवी तशी लावा, मधे नवे घाला, जुने काढा. सूची एकदाची हलती झाली. ग्रंथालयातले कार्डांचे ते लाकडी खण तुमच्यापैकी पुष्कळांनी हाताळले असतील. त्यांचे मूळ हे असे पत्त्यांच्या जोडात आहे.

पान सुटे झाले, तरी त्यावर लिहायचे काय हा प्रश्न राहिलाच. लंडनच्या ब्रिटिश म्यूझियममध्ये अँटोनियो पॅनिझी नावाचे एक इटालियन निर्वासित ग्रंथपाल होते. त्यांनी १८४१ साली सूची करण्याचे ९१ नियम छापले. लोक हसले. पुस्तकाचे नाव लिहायला एवढे नियम कशाला? पण वाचकहो, आपल्याच घरातले उदाहरण घ्या. ‘कुसुमाग्रज’ म्हणून एक कवी आणि ‘वि. वा. शिरवाडकर’ म्हणून एक नाटककार. ‘गोविंदाग्रज’ म्हणून एक कवी आणि ‘राम गणेश गडकरी’ म्हणून एक नाटककार. आपल्याला ठाऊक आहे की ही माणसे चार नव्हेत, दोनच. सूचीला ते कसे ठाऊक असणार? कुणीतरी बसून ‘यासाठी ते पाहा’ अशी नोंद करील तेव्हाच. ती नोंद नसेल, तर अर्धा लेखक वाचकाच्या हाती लागतो आणि अर्धा खणातच राहतो. पॅनिझींचे ९१ नियम असले घोटाळे टाळण्यासाठी होते.

१८७६ साली अमेरिकेत चार्ल्स कटर यांनी सूचीच्या कामाची नीट मांडणी केली. लेखक ठाऊक असो, पुस्तकाचे नाव ठाऊक असो, की नुसता विषय ठाऊक असो, तिन्ही वाटांनी वाचक पुस्तकापर्यंत पोहोचला पाहिजे, हे त्यांचे म्हणणे. त्याच साली मेल्विल ड्यूई यांचे दशांश वर्गीकरण प्रसिद्ध झाले. लेखक आणि नाव या दोन वाटा सरळ आहेत. तिसरी, विषयाची वाट, खरी अवघड. संशोधक बहुधा तिनेच येतो.

आता पुस्तक सापडले; पण मासिकातल्या लेखाचे काय? सूची सांगणार, ‘अमुक मासिक, खंड १२ उपलब्ध.’ त्या खंडात काय दडले आहे, ते कोण सांगणार? येल विद्यापीठात विल्यम फ्रेडरिक पूल नावाचा एक विद्यार्थी विद्यार्थी-मंडळाच्या ग्रंथालयात काम करीत असे. त्याने नियतकालिकांतल्या लेखांची विषयवार सूची केली आणि ती १८४८ मध्ये छापली गेली. वैद्यकात हे काम जॉन शॉ बिलिंग्ज या लष्करी शल्यवैद्याने हाती घेतले. जगभरच्या वैद्यकीय नियतकालिकांतील लेखांची ‘इंडेक्स मेडिकस’ ही सूची १८७९ पासून निघू लागली. जनगणनेचे आकडे यंत्राने मोजता येतील, ही कल्पनाही हर्मन हॉलेरिथ यांना याच बिलिंग्जनी सुचवली असे सांगतात. तेव्हा सूचीचा आणि यंत्राचा संबंध काही आजकालचा नाही.

आपल्याकडे काय चालले होते? बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी अमेरिकेतली ग्रंथालये पाहिली आणि १९१० मध्ये विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालांना बडोद्यास आणले. तिथे मध्यवर्ती ग्रंथालय उभे राहिले, ग्रंथपालांच्या शिक्षणाचे वर्ग सुरू झाले, गावोगाव पेट्यांतून फिरती ग्रंथालये गेली. पुढे मद्रासेत डॉ. शियाळी रामामृत रंगनाथन हे गणिताचे प्राध्यापक १९२४ मध्ये विद्यापीठाचे ग्रंथपाल झाले. त्यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राचे पाच नियम मांडले. त्यांतला एक वाचकाचा वेळ वाचविण्याविषयीचा आहे. १९३३ च्या त्यांच्या द्विबिंदू वर्गीकरणात विषयाचे सुटे सुटे पैलू पाडून ते पुन्हा जोडण्याची रीत आहे. कोणती वस्तू, कोणती क्रिया, कोणता देश, कोणता काळ, असे विषयाला प्रश्न विचारायचे. ही रीत लक्षात ठेवा. तिचे काम पुढे लागणार आहे.

आणि मराठीत? मराठीत शंकर गणेश दाते यांनी १८०० पासून १९३७ पर्यंतच्या मराठी मुद्रित ग्रंथांची सूची सिद्ध केली, आणि नंतरच्या खंडात १९५० पर्यंतचे ग्रंथ आणले. हजारो पुस्तके स्वतः हाताळून, मुखपृष्ठे तपासून केलेले हे काम आहे. आजही एकोणिसाव्या शतकातल्या मराठी पुस्तकाचा माग काढायचा झाला, तर जाणते संशोधक आधी दात्यांची सूची उघडतात.

आता यंत्राकडे वळू. १८५४ साली जॉर्ज बूल या इंग्रज गणितज्ञाने विचारांचे नियम बीजगणितात मांडले. ‘हे आणि ते’, ‘हे किंवा ते’, ‘हे पण ते नव्हे’ या तीन जोडण्यांवर त्यांची मांडणी उभी होती. एका शतकानंतर ती ग्रंथालयात अवतरली, तीही अगदी साध्या रूपात. प्रत्येक विषयशब्दाला एक मोठे कार्ड. कार्डावर लेखांचे क्रमांक. ज्या लेखात तो शब्द, त्या क्रमांकावर भोक. ‘कापूस’ आणि ‘कीड’ या दोन्हींविषयीचा लेख हवा, तर दोन्ही कार्डे एकावर एक ठेवून दिव्यापुढे धरायची. जिथून उजेड येईल, तो आपला लेख! संगणकात आज आपण दोन शब्दांमध्ये ‘आणि’ घालतो तेव्हा घडते ते एवढेच. कार्डे डोळ्यांआड गेली आहेत, इतकाच फरक.

अमेरिकेच्या राष्ट्रीय वैद्यक ग्रंथालयाने १९६४ मध्ये इंडेक्स मेडिकसच्या नोंदी संगणकावर आणल्या. सुरुवातीला डॉक्टरांनी प्रश्न टपालाने पाठवायचा आणि उत्तराची वाट पाहायची. १९७१ पासून दूरध्वनीच्या तारेवरून शोध घेता येऊ लागला. अशा अनेक सेवांत यंत्राला जोडलेल्या मिनिटामिनिटाचे पैसे पडत. म्हणून शिकलेला ग्रंथपाल आधी कागदावर प्रश्न मांडी, शब्द ठरवी, आणि मगच तार जोडी. १९९७ मध्ये तो माहितीसाठा ‘पबमेड’ या नावाने सर्वांना फुकट खुला झाला. आज त्यात साडेतीन कोटींहून अधिक नोंदी आहेत. फार मोठी सोय झाली, यात शंका नाही. पण त्या सोयीबरोबर एक गोष्ट निसटली. वाचक आणि यंत्र यांच्यामध्ये बसणारा तो जाणता माणूस उठून गेला. त्याची खुर्ची आता आपल्याला दिली आहे. त्याचे ज्ञान मात्र आपोआप मिळालेले नाही.

यंत्राने शोध किती चांगला लागतो, हे मोजण्याचा पहिला मोठा प्रयत्न इंग्लंडमध्ये क्रॅनफील्ड येथे सिरिल क्लेव्हरडन यांनी १९५७ पासून केला. त्यातून दोन मापे रूढ झाली. उपयोगी लेख एकंदर जितके आहेत, त्यांतले हाती किती आले, हा झाला पुरेपणा. हाती आलेल्यांत उपयोगी किती, हा झाला नेमकेपणा. दोन्ही एकदम साधत नाहीत. कोळ्याच्या जाळ्यासारखे आहे हे. जाळे बारीक विणीचे केले तर मासा सुटत नाही, पण कचराही भरपूर येतो. विण मोठी केली तर कचरा नाही, पण मासाही निसटतो.

खरी गोम पुढेच आहे. आलेला कचरा डोळ्यांना दिसतो. निसटलेला मासा दिसत नाही. १९८५ मध्ये अमेरिकेत डेव्हिड ब्लेअर आणि मेल्विन मॅरन या दोघांनी एक तपासणी प्रसिद्ध केली. एका अपघाताच्या दाव्यातले सुमारे ४०,००० दस्तऐवज संगणकात घातले होते. आपण उपयोगी कागदांपैकी ७५ टक्के तरी काढलेच, अशी वकिलांची खात्री होती. प्रत्यक्षात ते निघाले सुमारे २० टक्के! का? तर एका पक्षाने लिहिताना ‘अपघात’ म्हटले होते, दुसऱ्याने ‘घटना’, तिसऱ्याने ‘दुर्दैवी प्रसंग’. वकिलांनी विचारलेल्या शब्दाचे उत्तर यंत्राने दिले; त्यांच्या मनातल्या अर्थाचे दिले नाही.

दाव्यात फार तर पैसा जातो, असे कुणी म्हणेल. तर ही दुसरी हकीकत ऐका. २००१ साली अमेरिकेतील जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात दम्याविषयी एक प्रयोग चालला होता. निरोगी स्वयंसेवकांना हेक्सामेथोनियम नावाचे औषध हुंगायला देण्यात आले. २४ वर्षांची एक धडधाकट तरुणी त्यात आजारी पडली, तिची फुप्फुसे निकामी झाली आणि जूनमध्ये ती दगावली. या औषधाने फुप्फुसांना इजा होऊ शकते, असे लेख १९५० नंतरच्या दशकात छापून आलेले होते. प्रयोगाआधी पबमेड पाहिले गेले होते. पण तेव्हा त्यातल्या नोंदी १९६६ पासूनच्या होत्या. त्याआधीचे लेख छापील खंडांत, ग्रंथालयांच्या कपाटांत पडून होते. चौकशीत या अपुऱ्या शोधावर ठपका आला, आणि तिथले सरकारी मदतीवर चालणारे माणसांवरील प्रयोग काही काळ थांबविण्यात आले. जुन्या नोंदी पुढे माहितीसाठ्यात भरल्या गेल्या खऱ्या; पण त्या मुलीच्या दृष्टीने उशीर झाला होता.

वाचकहो, या हकीकतीत यंत्र खोटे बोलले नाही. त्याला जे ठाऊक होते ते त्याने सांगितले. ‘माझी दृष्टी १९६६ च्या पलीकडे जात नाही,’ हे ते आपण होऊन सांगत नाही. ते आपण विचारायचे असते. म्हणून कोणताही माहितीसाठा उघडताना पहिला प्रश्न विषयाचा नव्हे. यात कोणत्या सालापासूनच्या नोंदी आहेत? कोणत्या भाषांतल्या? पुस्तके आहेत की लेख, की प्रबंध? आणि काय नाही? घरात पाहुणा आला म्हणजे आपण विचारतो ना, ‘आपण कुठले, कुणाकडचे?’ तशीच ही चौकशी समजा.

मग प्रश्न मांडावा. समजा, तुम्हाला १८९६-९७ च्या पुण्यातील प्लेगचा अभ्यास करायचा आहे. रंगनाथनांची रीत आठवा आणि विषयाचे पैलू पाडा: रोग, गाव, काळ. आता प्रत्येक पैलूला किती नावे आहेत ते कागदावर लिहा. रोगाला ‘प्लेग’ म्हणा, ‘ग्रंथिक सन्निपात’ म्हणा, ‘महामारी’ किंवा ‘साथ’ म्हणा. गावाला ‘पुणे’ आणि इंग्रजांचे ‘पूना’. शिवाय ‘मुंबई इलाखा’, कारण अहवाल इलाख्याचे असत. एका पैलूतली नावे ‘किंवा’ने जोडा, आणि हे गट एकमेकांना ‘आणि’ने जोडा. ‘किंवा’ने जाळे रुंदावते, ‘आणि’ने आवळते, एवढे ध्यानात ठेवले की निम्मे काम झाले. जे शब्द नेहमी जोडीनेच यायला हवेत, ते बहुतेक ठिकाणी अवतरणचिन्हांत घालता येतात. तिसरी जोडणी ‘नव्हे’ची, ती मात्र जपून वापरावी. प्लेग म्हटले की आल्बेर काम्यूची त्या नावाची कादंबरीही पुढे येते. तुम्ही वैतागून ‘कादंबरी नको’ म्हणाल, आणि ज्या चांगल्या इतिहासलेखात ओघाने एकदा कादंबरीचा उल्लेख आला असेल, तोही त्याबरोबर बाहेर फेकला जाईल.

एक चांगला लेख सापडला की तिथे थांबू नये. त्याची नोंद उघडून पाहावी. सूचीकाराने त्याला कोणती विषयशीर्षके दिली आहेत? तो त्या सूचीचा स्वतःचा शब्द. तो घेऊन पुन्हा शोधावे. मग लेखाच्या शेवटचे संदर्भ पाहावेत, म्हणजे त्याच्या वाडवडिलांची ओळख होते. आणि या लेखाचा आधार पुढे कुणी घेतला, हे पाहिले की त्याची लेकरे-नातवंडे भेटतात. ही दुसरी सोय यूजीन गारफील्ड यांनी १९६४ मध्ये विज्ञानासाठी जी उद्धरणसूची काढली, तिच्यापासून मोठ्या प्रमाणावर मिळू लागली.

मराठी अभ्यासकाच्या वाटेत आणखी एक धोंड आहे, लिपीची. ‘ज्ञानेश्वर’ हे नाव रोमन लिपीत लिहिताना कुणी ‘डी-एन-वाय’ने आरंभ करतो, कुणी ‘जे-एन’ने, कुणी ‘जी-वाय’ने. यंत्राच्या लेखी ते तीन वेगळे महात्मे! देवनागरीत शोधले म्हणून सुटका होतेच असे नाही. १९६२ च्या शुद्धलेखन-नियमांपूर्वीच्या पुस्तकांत अनुस्वारांची दाटी आहे. ‘कांहीं’ आणि ‘काही’ आपल्याला एकच. यंत्राला ते दोन शब्द वाटू शकतात. तेव्हा जुने पुस्तक शोधताना नाव जुन्या वळणानेही लिहून पाहावे. शोधगंगेसारख्या साठ्यात भारतीय विद्यापीठांतील लाखो प्रबंध आज कुणालाही घरी वाचता येतात. परंतु मराठी प्रबंधाची नोंद तिथे देवनागरीत असेल की रोमनमध्ये, याचा भरवसा धरू नये. दोन्ही दारे ठोठवावीत.

शेवटची गोष्ट किरकोळ वाटेल, पण ती सोडू नका. एक वही ठेवा. कोणत्या दिवशी, कोणत्या साठ्यात, कोणते शब्द घालून शोधले आणि किती नोंदी आल्या, ते लिहीत जा. दोन महिन्यांनी तोच शोध पुन्हा करण्याचे श्रम वाचतील. आणि ‘या विषयावर कुणीच लिहिलेले नाही’ असे विधान प्रबंधात करण्याची वेळ आली, तर आधी ती वही उघडून पाहता येईल. ‘मला सापडले नाही’ आणि ‘ते नाही’ या दोन वाक्यांत किती अंतर आहे, ते आता निराळे सांगायला नको.

आणि इतके करूनही अडलात, तर संकोच न धरता ग्रंथपालांकडे जा. नुसता शब्द सांगू नका. तुम्हाला नेमके काय जाणून घ्यायचे आहे ते सांगा. कपाटात असून सूचीत न चढलेल्या कितीतरी गोष्टी त्यांच्या ध्यानात असतात.

इतके सांगून आपली रजा घेतो.